घाटात गाडी ओढत नाही? लगेच इंजिन खोलू नका

पूर्वी जो चढ तिसऱ्या गिअरमध्ये निघायचा, तिथे आता दुसराही जड जातो. पंधरा-वीस वर्षं ऊस, कांदा नाहीतर वाळू वाहिलेल्या टाटा ४०७ किंवा ७०९ चा मालक खंबाटकी घाट चढून आला की अड्ड्यावर त्याला एकच सल्ला मिळतो : “गाडी म्हातारी झाली, इंजिन बांधून घ्या.”

वय म्हणजे निदान नव्हे. बोअर-पिस्टन खरोखर झिजले असतील तर ते लपत नाही. थंडीत सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, ऑइल सारखं कमी होतं, ब्रीदरच्या नळीतून भकाभक धूर येतो, सायलेन्सरमधून निळसर. यातलं काहीच नसेल आणि पहाटे गाडी झटक्यात चालू होत असेल, तर कॉम्प्रेशन बहुधा शाबूत आहे. मग हेड कशाला उतरवायचं?

दुसरा पक्का समज असा, की काळा धूर आला म्हणजे पंप किंवा नोझल गेलं. काळा धूर फक्त एवढंच सांगतो की आत डिझेलच्या मानाने हवा कमी पडतेय. नोझल थेंब गाळत असेल तरी हे होतं, पण आधी हवेची वाट तपासावी, कारण ते स्वस्त आहे. एअर फिल्टर धुळीने चोंदलेला असतो. तो जमिनीवर आपटून किंवा जोराची हवा मारून ‘साफ’ केला की कागदाला बारीक भोकं पडतात आणि तीच धूळ बोअर खाते. टर्बोच्या गाडीत रबरी होजला चीर गेलेली असते. गाडी उभी असताना ती मिटलेली राहते, लोडवर टर्बोचा दाब आला की उघडते. होजवरून बोट फिरवून बघा. जिथे तेलकट काजळी लागते आणि चढाला ‘सूं’ आवाज येतो, चीर तिथेच.

यावर सर्रास होणारा उपाय म्हणजे पंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढवणं. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवलं तर जोर नाममात्र येतो, धूर आणि एक्झॉस्टची उष्णता मात्र वाढते. पिस्टन जळायला तेवढं पुरतं. चांगल्या इंजिनाचं खरंच काम काढायचं असेल तर याहून सोपा रस्ता नाही!

गाडी ओढत नाही आणि काळा धूरही नाही, तर संशय डिझेलच्या पुरवठ्यावर घ्यावा. “फिल्टर नवा टाकलाय” एवढ्याने ती बाजू सुटत नाही. टाकीतली जाळी गाळाने भरते, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजतं. झाकण सैल करून चढावर फरक पडला तर दोष हाती लागला. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन मात्र फसवी. तिथे डिझेल ओढलं जातं, त्यामुळे फट पडली तरी ती नेहमी ठिबकतेच असं नाही, उलट हवा आत घेते. फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा लावला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

कधी कधी तर इंजिनाचा काही संबंधच नसतो. क्लिनरला पेडल तळापर्यंत दाबायला सांगा (इंजिन बंद ठेवून) आणि पंपाचा लिव्हर शेवटच्या स्क्रूला टेकतो का पाहा. वायर ताणलेली असली तर पूर्ण रेस पोचतच नाही. आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. ब्रेक धरून राहतोय असं वाटलं तर थोडं अंतर चालवून प्रत्येक ड्रमवर पाण्याचे चार थेंब शिंपडा. चुर्रर्र झालं तिथला ब्रेक मोकळा नाही. हात लावून बघू नका.

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ ट्रकांची गोष्ट थोडी वेगळी. युरिया संपला किंवा सेन्सरला काही खटकलं की कॉम्प्युटर मुद्दाम ताकद कमी करतो. स्कॅनरवर आलेला कोड म्हणजे खराब पार्टचं नाव, हा इथला नवा गैरसमज. ‘बूस्ट कमी’ असा कोड आला की सेन्सर बदलला जातो आणि होजची चीर तशीच राहते. कोड कुठे बघायचं ते सांगतो; होजवरून बोट तरीही फिरवावं लागतं.