ट्रेसरची रेघ

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचे सिम्युलेटर खेळणाऱ्यांची एक जुनी तक्रार आहे: ट्रेसर (मार्ग दिसावा म्हणून जळत जाणाऱ्या गोळ्या) खरे वाटत नाहीत. खरे म्हणजे कसे, असे विचारा. पुरावा म्हणून हमखास गन-कॅमेऱ्याच्या फिल्मा पुढे येतात. बंदुकांचा घोडा दाबला की चालू होणाऱ्या त्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या लांबलचक, नागमोडी रेघा. माझ्या मते घोळ तिथेच आहे.

ट्रेसर गोळीच्या बुडाशी पोकळीत मॅग्नेशियम आणि स्ट्रॉन्शियमच्या क्षारांचे मिश्रण ठासलेले असते. (दिवाळीच्या लाल काड्यांतला रंगही स्ट्रॉन्शियमचाच.) बार उडाला की ते पेटते. मागून दिसतो तो जळता ठिपका, रेघ नव्हे. अर्धा इंची ब्राउनिंगची गोळी सेकंदाला साधारण ८८० मीटर वेगाने सुटते. कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा तिसावा भाग उघडी राहिली, तर तेवढ्यात गोळी २९ मीटर पुढे गेलेली असते आणि फिल्मवर ठिपक्याची रेघ उमटते. बंदुकांच्या हादऱ्याने कॅमेरा थरथरतो, म्हणून ती नागमोडी. डोळाही वेगवान ठिपक्याला थोडी शेपटी जोडतो, पण ही वळवळ कॅमेऱ्याचीच.

संगणकाचीही अडचण आहे. सेकंदाला ६० चित्रे दाखवली, तर दर चित्रागणिक गोळी जवळपास १५ मीटर उडी घेते. नुसता ठिपका काढला तर तो तुटक दिसेल, म्हणून रेघ ओढावी लागते. किती लांब, हे प्रोग्रॅमर ठरवतो.

मुळात ट्रेसरवर सगळ्याच वैमानिकांचा विश्वास नव्हता. मिश्रण जळते तशी गोळी हलकी होते आणि तिचा मार्ग पट्ट्यातल्या इतर गोळ्यांपेक्षा वेगळा पडतो. शत्रूच्या मागून निघून गेलेली गोळी त्याला लागल्यासारखी भासते. शिवाय शत्रू सावध होतो तो वेगळाच. १९४० च्या स्पिटफायरमध्ये ८ बंदुका, प्रत्येकीत सुमारे ३०० गोळ्या. म्हणजे जेमतेम १५ सेकंदांचा मारा. काही वैमानिक पट्ट्याच्या शेवटी ट्रेसर भरून घेत, दारूगोळा संपत आल्याची खूण म्हणून. वैमानिकांची खरी आवडती होती ‘द वाइल्ड’ ही आग लावणारी गोळी. ती मागे धूर सोडत नसे, पण लागली की लख्ख चमके. नेम कुठे बसला ते त्या चमकेवरून कळे.

जर्मन रात्रलढाऊ विमानांनी तर अंधारच वापरला. १९४३ पासून पाठीवर तिरक्या, वर रोखलेल्या तोफा बसवून ती ब्रिटिश बाँबफेकी विमानांच्या पोटाखाली जात. या तोफांत ट्रेसर शक्यतो टाळत. मारा कुठून झाला हे ब्रिटिश विमानांतल्या चमूंना बराच काळ उमगलेच नाही.

‘क्लिफ्स ऑफ डोव्हर’ या सिम्युलेटरमध्ये खेळाडूला गोळ्यांचे पट्टे स्वतः जुळवता येतात. ट्रेसर काढून टाकायचीही मुभा आहे, आणि रेघेच्या लांबीवरल्या वादापेक्षा ही सोय मला अधिक मोलाची वाटते. उजेडाचा प्रश्न मात्र सुटत नाही. साध्या पडद्याचा उजेड एका मर्यादेपलीकडे जात नाही, म्हणून त्यावर उन्हातले ढगही पांढरे आणि जळते मॅग्नेशियमही पांढरे. मग गोळीभोवती उगाच एक तांबूस वलय काढले जाते आणि खेळाडू म्हणतात, हे तर लेझर वाटते.