आधी छर्रा थांबवा

दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर ‘टेन’ म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. घरी रेंज करायचं ठरलं की मुलांच्या आणि आईवडिलांच्या डोक्यात तो ठिपका आणि नवी रायफल एवढंच असतं. काम मात्र दुसऱ्या टोकाकडून सुरू करायला हवं. सुटलेला प्रत्येक छर्रा, अगदी नेम चुकलेलासुद्धा, कुठे जाऊन थांबणार? याचं पक्कं उत्तर मिळेपर्यंत रायफल पेटीतच राहिलेली बरी.

अभिनव बिंद्राला वडिलांनी घरच्या आवारातच बंदिस्त रेंज बांधून दिली होती. 2008 मध्ये बीजिंगला त्याने याच प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. तेवढी जागा आपल्याकडे क्वचितच कुणाला मिळते. ठाण्या-पुण्याच्या फ्लॅटमध्ये हॉलपासून पॅसेजमधून बेडरूमच्या भिंतीपर्यंत टेप धरला तरी बहुधा सात-आठ मीटरच भरतात. तेवढ्यातही सराव होतो. अंतराच्या प्रमाणात टार्गेट लहान छापून घ्यायचं. गच्ची मात्र नको. मोकळ्यावर चुकलेला छर्रा शंभर मीटरच्या पुढे सहज जातो.

सगळी मदार पेलेट ट्रॅपवर, म्हणजे छर्रे अडवणाऱ्या पेटीवर. स्पर्धेच्या रायफलमधून अर्ध्या ग्रॅमचा, साडेचार मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा सेकंदाला सुमारे 170 मीटर वेगाने निघतो. सरळ उभ्या पत्र्यावर आदळला तर तो चपटा होऊन फाटतो आणि बारीक तुकडे मागे उडतात. म्हणून वेल्डिंगवाल्याकडून पेटी करून घेताना आतली तीन मिलिमीटरची पोलादी प्लेट 45 अंशांत तिरकी बसवायची, वरची कड नेमबाजाकडे झुकलेली. छर्रा तिच्यावर आपटून खाली वळतो आणि तळाशी पडतो. प्लेट सैल राहिली तर दर फैरीला थाळी वाजल्यासारखा आवाज होतो. मागे जाड रबर लावलं की तो बराच दबतो.

पेटी तयार झाली की तिच्या तोंडावर वर्तमानपत्राचा कागद ताणून लावावा आणि संरक्षक चष्मा घालून थोड्या फैरी झाडाव्यात. मग कागद जवळ जाऊन नीट पाहावा. छर्रे आत गेले त्या भोकांच्या कडा आत वळलेल्या दिसतात. एखादी बारीक चीर बाहेरच्या बाजूला फुटलेली दिसली, तर समजावं की तुकडा परत आला. अशी एक जरी चीर सापडली तरी प्लेटचा कोन किंवा पेटीची खोली बदलून पुन्हा नवा कागद लावायचा.

पेटी टार्गेटहून बरीच मोठी हवी. शिवाय तिच्या मागे भिंतभर प्लायवूड आणि त्यापुढे जाड जुना गालिचा लोंबता सोडावा, कारण नवशिक्याचा छर्रा कधीतरी पेटीबाहेर जाणारच. टार्गेटचा मध्य जमिनीपासून 1.40 मीटरवर, त्यावर निदान 1500 लक्स उजेड. मधे उघडणारं दार असेल, अगदी बाथरूमचंही, तर आत कुणी नाही हे पाहून ते बंद करायचं. कुणी टार्गेटकडे गेलं की रायफल उघडी, रिकामी आणि नळी रिकामी असल्याचं दाखवणारा सेफ्टी फ्लॅग घातलेली. स्टीलचे गोल छर्रे घरात आणूच नयेत: शिसं चेपतं, स्टील उसळतं.

शिशाचं वेगळं पथ्य आहे आणि तेच सगळ्यात जास्त विसरलं जातं. पाचशे छर्र्यांच्या डब्यात पाव किलोहून थोडं जास्त शिसं असतं. ते सगळं पेटीत साचतं, भुकटीसकट. केरसुणीने झाडलं की भुकटी हवेत जाते. ओल्या फडक्याने पुसायचं आणि ते फडकं वेगळं ठेवायचं. साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याला हात लावायचा नाही. रांगणारं मूल असलेल्या घरात राहत्या खोलीची रेंज करूच नये. पेटी रिकामी करताना छर्रे झाकणाच्या डब्यात भरून, शिसं आहे असं स्पष्ट सांगून भंगारवाल्याकडे द्यावेत. घरच्या गॅसवर ते वितळवायला कुणीही जाऊ नये.