लेकरांना समुद्र दाखवायचा आहे? पहिला प्रवास तासाभराचाच करा

आपल्या वऱ्हाडात समुद्र नाही. खारे पाणी मात्र आपल्याला नवे नाही. दर्यापूर, भातकुली, अकोट, मूर्तिजापूर या खारपाणपट्ट्यातली लेकरे विहिरीचे मचूळ पाणी चाखतच मोठी होतात. पण जिकडे पाहावे तिकडे पाणीच पाणी, पलीकडचा काठ नाही, हे त्यांनी चित्रातच पाहिलेले असते. गंमत अशी की आपण समुद्र पाहिला नसला तरी आपल्या कापसाने तो केव्हाच ओलांडला. १८६७ मध्ये मुंबईहून नागपूरपर्यंत आगगाडी झाली आणि वऱ्हाडातल्या गाठी मुंबईच्या बंदरातून विलायतेच्या गिरण्यांकडे जाऊ लागल्या. मुंबईत आजही कॉटन ग्रीन नावाचे स्टेशन आहे.

आता घरोघरी मोबाईल आल्यापासून मुलांनी मोठमोठी जहाजे पाहिली आहेत. पोहण्याचा हौद, नाचगाणी, अकरा मजले! मग हट्ट सुरू होतो, "बाबा, आपण पण जाऊ." कापसाचे चुकारे हाती आले, सोयाबीन बऱ्या भावाने गेले, तर आईवडिलांनाही वाटते की एकदा मुलांची हौस पुरवावी. हौस वाईट नाही. पण सहा वर्षांच्या आतली मुले बरोबर असतील आणि घरातल्या कोणीच कधी समुद्रावर पाऊल ठेवलेले नसेल, तर पहिलाच प्रवास दोन-तीन रात्रींचा करू नका. तासाभराचा करा. तो कसा, ते सांगतो.

मुंबईहून पर्यटकांना घेऊन फिरणाऱ्या जहाजांची हकिगत आधी थोडक्यात सांगून टाकू. पूर्वी मुंबई ते पणजी अशी आगबोट चालत असे. वाटेतल्या बंदरांवर चाकरमानी उतरत. ती पुढे बंद पडली. २०१८ मध्ये 'आंग्रिया' नावाचे जहाज मुंबई-गोवा सुरू झाले, तेही फार काळ टिकले नाही. २०२१ पासून 'कॉर्डेलिया'चे मोठे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागले. असे जहाज म्हणजे तरंगता हॉटेल-बंगला. त्यावर मुलांना मजा वाटेल यात शंका नाही. पण लहान मूल रात्री रडू लागले, त्याला उलट्या सुरू झाल्या किंवा ते घाबरले, तर उतरायचे कोठे? सकाळपर्यंत बंदर नाही. आपले मूल पाण्यावर कसे राहते हे जोवर ठाऊक नाही, तोवर त्या तिकिटात पैसा घालणे म्हणजे बियाणे न तपासता पाच एकर पेरण्यासारखे आहे.

तासाभराचा उत्तम प्रवास म्हणजे मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणारी रो-रो बोट. ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. मांडवा हे रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळ. रस्त्याने गेले तर खाडीला वळसा घालून शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. पाण्यावरून वीसच्या आत. बोट मोठी आहे, तिच्या पोटात मोटारी चढतात. जहाजाचे भले थोरले दार खाली येते आणि त्यावरून एकामागून एक गाड्या आत शिरतात, हे पाहण्यातच मुलांचा अर्धा आनंद आहे. बसायला बंद जागा आहे, उघडी जागा आहे, संडास आहे. लेकुरवाळ्या बाईला या शेवटच्या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको. गेटवेहूनही मांडव्याला लहान बोटी सुटतात, त्या स्वस्त पडतात. पण पहिल्या खेपेला मोठी बोटच बरी, कारण ती कमी डुलते.

घारापुरीची लेणी अनेकांच्या मनात असतात. तेथेही गेटवेहून बोटीने तासाभरात पोचता येते. परंतु वर चढायला शंभराहून अधिक पायऱ्या आहेत, बोटी लहान आहेत, आणि लेणी सोमवारी बंद असतात. कडेवरचे मूल असेल तर घारापुरी पुढच्या खेपेला ठेवा.

जायचे केव्हा? येथे आपले आणि समुद्राचे वेळापत्रक जुळत नाही, हे नीट ध्यानात घ्या. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणून आपल्याला वाटते, मृगाच्या आधी चार दिवस फिरून यावे. पण त्याच सुमारास समुद्र खवळायला लागतो. गेटवेच्या लहान बोटी मेच्या अखेरीपासून पावसाळा संपेपर्यंत बंद ठेवतात, आणि मोठी बोट चालू असली तरी हवा बिघडली की फेरी रद्द होते. दिवाळीची सुटी समुद्राला चांगली, पण तेव्हा आपल्याकडे कापूस वेचणीला मजूर मिळत नाहीत आणि तिकडे गर्दीही मोठी. माझ्या मते संक्रांतीनंतरचे दिवस सर्वांत चांगले. समुद्र शांत, ऊन सौम्य, वेचणीचा जोर ओसरलेला. मुलांची शाळा दोन दिवस बुडेल. बुडू द्या, मास्तरांना सांगून जा. सव्वीस जानेवारीची जोड-सुटी तेवढी टाळा. आणि बोट सकाळची धरा. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि लाटा वाढतात.

अमरावती, बडनेरा, अकोल्याहून संध्याकाळी-रात्री निघणारी गाडी पहाटे-सकाळी मुंबईला पोचवते. आरक्षण दोन महिने आधी करता येते. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट लागत नाही, पण त्याला वेगळी जागाही मिळत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडे पडते. खर्चाचा हिशेब करताना हे विसरले जाते. शिवाजी महाराज टर्मिनसहून भाऊचा धक्का दूर नाही. हार्बर लाईनवर डॉकयार्ड रोड हे तिसरे स्टेशन. (त्याच्या पुढे दोन स्टेशने गेली की वर सांगितलेले कॉटन ग्रीन.) पण सकाळच्या गर्दीत पोरे आणि बोचकी सांभाळत लोकलमध्ये शिरू नका, सरळ टॅक्सी करा. ही काटकसर करण्याची जागा नव्हे.

आता सर्वांत महत्त्वाचे. घरातली आजी विचारते, "एवढ्याशा लेकराइले पाण्यात न्याचं कायले?" तिची भीती हसण्यावारी नेऊ नका. १७ जुलै १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या महिनाभर आधी, 'रामदास' नावाची बोट भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघाली होती. ऐन पावसाळ्याचा दिवस, माणसे खच्चून भरलेली. काशाच्या खडकाजवळ बोट उलटली आणि सहाशेहून जास्त माणसे बुडाली. लाट आली तशी घाबरलेली माणसे एका बाजूला धावली, असे वाचलेल्यांनी सांगितले. अगदी अलीकडे, १८ डिसेंबर २०२४ ला, घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. पंधरा जण दगावले, त्यांत एक सात वर्षांचा मुलगाही होता. त्यानंतर गेटवेच्या बोटींवर प्रत्येकाने लाईफ जॅकेट घालणे सक्तीचे करण्यात आले.

हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. आपण रस्त्याने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून लग्नाला जातो, त्यात धोका कमी नसतो. पण पाण्यावर सावधगिरी वेगळी घ्यावी लागते, आणि ती बोटीत चढण्याआधी घ्यायची असते. लाईफ जॅकेट मोठ्यांचे आणि लहानांचे वेगळे असते. मोठ्याचे जॅकेट लहान मुलाला घातले तर पाण्यात ते वर सरकते आणि मूल खालून निसटते. म्हणून मुलाला जॅकेट घालून, पट्टे आवळून, दोन्ही खांद्यांपाशी धरून वर ओढून पाहा. कानापर्यंत सरकले तर ते त्याच्या कामाचे नाही. दोन पायांमधून जाणारा पट्टा असेल तर तोही बांधा.

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरची सात माणसे गेली होती. एका लहान बोटीवर विचारले तर जॅकेटे सगळी मोठ्यांची. बरोबर चार वर्षांचा नातू. "काका, बसा हो, काही होत नाही," असे बोटवाला म्हणाला. आम्ही ती बोट सोडली आणि पुढच्या बोटीसाठी धक्क्यावर तासभर उन्हात उभे राहिलो. घरच्यांची बोलणीही ऐकली. तुमच्यावर अशी वेळ आली तर बोलणी ऐकून घ्या, बोट सोडा.

बोटीत प्रत्येक लहान मुलामागे एक मोठा माणूस नेमून ठेवावा. "सगळ्यांचे लक्ष आहे" म्हणजे कोणाचेच नाही, हे आपण लग्नमांडवात पाहतो. कठड्यावर मूल उभे करून फोटो काढू नये. आणि पक्षी दिसले, दुसरे जहाज दिसले, की सगळ्यांनी एका बाजूला धावायचे नाही, हे मुलांना घरूनच सांगून न्यावे. हिवाळ्यात मांडव्याच्या बोटीमागे पांढऱ्या कुरवांचे थवे लागतात. लोक त्यांना चिवडा, वेफर टाकतात. मुलांना नुसते पाहू द्या, तेवढे पुरे.

बोट लागणे म्हणजे काय तेही समजून घ्या. डोळ्यांना समोरचा बाक स्थिर दिसतो, पण कानाच्या आत तोल सांभाळणारा जो भाग आहे त्याला डुलणे कळते. दोघांची साक्ष जुळत नाही, म्हणून मळमळते. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला हा त्रास सहसा होत नाही. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना जास्त होतो. एस. टी. च्या घाटात ज्याला उलटी होते त्याला बोट लागण्याचा संभव अधिक. बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर बसावे, तोंड पुढच्या दिशेला करावे, आणि लांब क्षितिजाच्या रेघेकडे पाहायला सांगावे. मोबाईल मुळीच हातात देऊ नये. उपाशी नेऊ नये आणि पोटभर खाऊनही नेऊ नये. निघण्यापूर्वी तासभर आधी एखादी दशमी, केळे एवढे बस. तिखट ठेचा मोठ्यांनीही टाळावा. आलेपाकाच्या वड्या बरोबर असू द्या. उलटीवरच्या गोळ्या मुलांना आपल्या मनाने देऊ नका, गावच्या डॉक्टरांना मुलाचे वय, वजन सांगून विचारा. उलटी झालीच तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोट-घोट पाजावे. चमचा चहाचा, आणि सपाट भरलेला.

एक तालीम घरच्या घरी होऊ शकते. चिखलदऱ्याला शक्कर तलावात नावेतून फिरवतात. महिनाभर आधी मुलांना तेथे नेऊन आणा. जॅकेट घालायला कोण कुरकुरते, कोण घाबरते, कोण सारखे उठते, हे वीस मिनिटांत कळते. आमच्याकडे सर्वांत जास्त नातवाचा बाप घाबरला.

मांडव्याला उतरल्यावर रिक्षा, बस मिळते. अलिबाग वीसेक किलोमीटर. तेथे किनाऱ्यासमोर पाण्यात कुलाबा किल्ला आहे. शिवाजी महाराजांच्या काळात तो बांधायला घेतला आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे ते मोठे ठाणे झाले. ओहोटीला माणसे चालत किल्ल्यात जातात. आपण विदर्भातली माणसे इथेच फसतो. वाळू कोरडी दिसली की वाटते, झाले, आता दिवसभर मोकळे. पण भरती-ओहोटी साधारण सव्वासहा तासांनी पालटते, आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा पाऊण-पाऊण तासाने पुढे सरकते. काल अमुक वाजता गेलो होतो, हा हिशेब आज चालत नाही. किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना विचारा, परतायचे केव्हा ते आधी ठरवा, आणि पाणी घोट्याला लागायच्या आत परत फिरा. वाळूत खेळतानाही मुले गुडघ्याच्या वर पाण्यात जाता कामा नयेत. नदीत पोहणाऱ्यानेही येथे पोहण्याची ऐट करू नये. माघारी जाणारे पाणी पायाखालची वाळू ओढून नेते.

हा तासाभराचा प्रवास मुलांना मानवला, तर पुढच्या वर्षी मोठ्या जहाजाचा विचार खुशाल करा. तिकीट काढण्यापूर्वी मात्र चार गोष्टी लेखी विचारून घ्या. जाहिरातीतला आकडा एका माणसाचा की खोलीचा, आणि त्यात कर व बंदराचे शुल्क धरले आहे का? मुलाचे किती? खोलीला खिडकी आहे का? तारीख बदलली तर पैसे किती परत? सहा महिन्यांच्या आतले बाळ आणि सहा महिने भरत आलेली गरोदर बाई यांना बहुतेक जहाजांवर घेत नाहीत. घरची कोणी लेकीसुनांपैकी तशी असेल तर आधीच कळलेले बरे. मुलांचे आधार कार्ड किंवा जन्मदाखला लागतो. बाहेरचे खाणे सहसा आत नेऊ देत नाहीत, तेव्हा बाळाच्या खाण्याचे विचारून ठेवा. जहाज सुटताना सर्वांना एका ठिकाणी बोलावून संकटकाळी काय करायचे ते दाखवतात. खोलीत लोळत न पडता त्याला सगळ्यांनी जावे आणि आपली जमण्याची जागा मुलांकडून वदवून घ्यावी.

आणि परतीचे. मुंबईहून आपल्याकडची गाडी रात्री सुटते, म्हणून अलिबागला उगाच रेंगाळायला होते. मांडव्याहून दुपारच्या आधीची बोट धरा. हवा बिघडून एखादी फेरी रद्द झाली तरी पुढची हाती राहते, आणि तीही नाही मिळाली तर पनवेलवरून एस. टी. ने मुंबई गाठायला वेळ उरतो.