कुमारजी नेमके कोणत्या ध्वनिमुद्रणातले?

बेळगाव शहराच्या एका अंगाला उचगाव, दुसऱ्या अंगाला सुळेभावी. त्या सुळेभावीत 8 एप्रिल 1924 रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी जन्मले. जगानं त्यांना कुमार गंधर्व म्हणून ओळखलं. या पोराचं पहिलं नाव झालं ते तबकड्यांच्या जोरावर. नामवंत गवयांच्या तबकड्या ऐकायच्या आणि भरल्या बैठकीत जशाच्या तशा गाऊन दाखवायच्या! पुढे मुंबईत बी. आर. देवधरांकडे तालीम सुरू झाली आणि गळ्यावरचा तबकड्यांचा पगडा सुटला.

आज त्याच कुमारजींचा एखादा राग मोबाइलवर शोधला, तर तीन-चार ध्वनिमुद्रणं पुढ्यात येतात. एक जुन्या एलपीवरचं, एक त्याच एलपीची ‘रीमास्टर’ केलेली आवृत्ती, एखादं कुणाच्या तरी घरगुती मैफलीतलं. नवं ते चांगलं असं धरून बहुतेक जण रीमास्टरवर बोट ठेवतात. दर वेळी ते बरोबर ठरत नाही.

मुळात माध्यम बदललं की गाणंही बदलतं. 78 फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मिळत. आलाप, बंदिश, ताना असं सगळं त्यात कोंबायचं, त्यामुळे गवई घाईनं समेवर येई. एलपी आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मिळू लागली. क्षयानं गाठल्यावर कुमारजी 1948 साली देवासला गेले, काही वर्षं गाणं बंद राहिलं आणि 1953 च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले. म्हणजे आपल्या ओळखीचे कुमारजी मुख्यतः एलपी आणि टेपच्या काळातले. कबीर, सूरदास, मीरा यांची पदं असलेली ‘त्रिवेणी’ घरोघरी पोचली ती एलपीवरच.

पण स्टुडिओत श्रोता नसतो, असतं ते घड्याळ. मैफलीच्या टेपमध्ये दाद ऐकू येते, एखादी जागा मनासारखी लागली की ती पुन्हा घेतलेली ऐकू येते, मध्येच तानपुरा सारखा केलेला कळतो. पुनर्प्रकाशन करताना या गोष्टी ‘अडथळा’ म्हणून सर्रास कापल्या जातात. कुमारजींचे शिष्य सत्यशील देशपांडे यांनी ‘संवाद फाउंडेशन’च्या रूपानं अशा खासगी मैफलींचा मोठा संग्रह उभा केला. गाणं कसं घडत जातं, हे पाहायला असा संग्रह कुठल्याही चकचकीत सीडीपेक्षा मोलाचा.

आता रीमास्टरकडे वळू. तबकडीची खरखर आणि टेपची सळसळ प्रामुख्यानं आवाजाच्या वरच्या, बारीक पट्ट्यात जाणवते. तानपुऱ्याच्या जवारीचे नाजूक झंकार आणि ‘स’, ‘श’ची धारही तिथलीच. संगणकानं खरखर ओरबाडून काढली की झंकारही तिच्याबरोबर जातात. तानपुरे जुळवण्यात कुमारजींचा हात धरणारा विरळा. त्यांच्याच गाण्यामागे तानपुरा मुका झाला, तर ती सफाई काय कामाची? वर मोकळेपणा यावा म्हणून कृत्रिम घुमारा भरतात. मग मैफल दिवाणखान्यातली न वाटता विहिरीतली वाटते. परीक्षा सोपी आहे: हेडफोन लावून पहिली तीसेक सेकंदं फक्त तानपुरा ऐकावा. तारा वेगवेगळ्या कळत असतील तर प्रत चांगली, नुसता गुंजारव असेल तर जुनी खरखरती प्रत बरी.

दुसरी गोम वेगाची. टेप किंवा तबकडी सुमारे सहा टक्के जलद फिरली की काळी एकची पट्टी पांढरी दोन होते आणि लयही तेवढीच चढते. ऐकणारा म्हणतो, काय तडफ आहे! ती तडफ गवयाची की मोटरची, हे कळण्यासाठी त्याच काळातलं दुसरं ध्वनिमुद्रण शेजारी ठेवून पट्टी ताडून पाहावी लागते. जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांना ही सवय असते. अशा संग्राहकांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था मुंबईत 1990 पासून आहे.

हक्कांचीही एक बाजू आहे. भारतात प्रकाशित ध्वनिमुद्रणावरचा कॉपीराइट प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो. जुन्या तबकड्या एकामागून एक मोकळ्या होत आहेत आणि इंटरनेटवर हौशी प्रतींचा सुकाळ आहे. त्यांत तारीख, स्थळ, तबल्यावर कोण याचा पत्ता बहुधा नसतो.

बेळगाव, निपाणी, कोल्हापूर या पट्ट्यात गाण्याचं वेड असलेली घरं पुष्कळ. तुमच्या माळ्यावर स्पूल किंवा कॅसेट पडून असेल तर ती रद्दीत घालू नका, घरच्या जुनाट प्लेअरवर उगाच चालवूनही पाहू नका. जाणकाराकडून तिची एक प्रत कसलीही ‘सफाई’ न करता उतरवून घ्या, आणि मैफल कुठली, कधीची, साथीला कोण हे आठवणारं माणूस घरात आहे तोवर डबीवर लिहून ठेवा.