आधी वाचलं, मग बोललं!

चैत्रातलं हळदीकुंकू होतं. पन्हं, आंब्याची डाळ, भिजवलेले हरभरे, सगळं यथासांग चाललं होतं. शेजारच्या वहिनी मात्र एकट्याच आल्या आणि घाईने निघाल्या. त्यांची पाच वर्षांची छकुली घरी आजीजवळ होती. चपला घालता घालता वहिनी मला हळूच म्हणाल्या, "तुम्ही शाळेत शिकवता म्हणून विचारते. हिला अक्षरं शिकवता येतील का हो?"

छकुलीला डाउन सिंड्रोम आहे. तेव्हा ती जेमतेम पाच-सहा शब्द बोलत असे. मी मोठ्या जाणतेपणाचा आव आणून सांगितलं, "वहिनी, आधी चार शब्द बोलू दे की तिला! वाचायचं मग बघू."

मैत्रिणींनो, तुम्हीही बहुधा हेच सांगितलं असतंत. आधी बोलणं, मग वाचणं हा क्रम आपण आपल्या मुलांत पाहिलेला असतो. पण माझं उत्तर चुकलं होतं आणि त्यापायी त्या पोरीचं एक वर्ष वाया गेलं. तुमच्या हातून असं होऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

एका वडिलांचं पत्र

गोष्ट १९८० च्या सुमाराची, इंग्लंडमधली. लेस्ली डफन नावाच्या गृहस्थांनी पोर्टस्मथच्या मानसशास्त्रज्ञ स्यू बक्ली यांना पत्र लिहिलं. त्यांची मुलगी सारा हिला डाउन सिंड्रोम होता. ती तीन वर्षांची असल्यापासून ते तिला घरीच शब्दांची कार्डं दाखवून वाचायला शिकवत होते. त्यांच्या ध्यानात आलं, की नुसते ऐकलेले शब्द मुलीच्या तोंडी येत नाहीत, पण कार्डावर वाचलेले शब्द येतात. म्हणजे वाचनातून तिचं बोलणं वाढत होतं!

बापाची वेडी माया म्हणून बक्लीबाईंनी ते पत्र बाजूला सारलं नाही. त्यांनी इतर लहान मुलांचा अभ्यास सुरू केला. नीट बोलू न शकणारी काही मुलं छापील शब्द ओळखायला शिकतात, असं त्यांनाही आढळलं. पुढे पोर्टस्मथला साराच्या नावाने एक केंद्रही उभं राहिलं.

असं का होतं?

आपल्या शरीरातल्या पेशींत ४६ गुणसूत्रं असतात. डाउन सिंड्रोममध्ये एकविसावं गुणसूत्र एक जास्त असतं. हा शोध १९५९ साली लागला. तेव्हा ग्रहणात विळी हातात धरली, हे खाल्लं, ते खाल्लं, असा बोल कोणत्याही आईला लावू नका. यात तिचा काडीचा दोष नसतो.

या मुलांची ऐकलेलं लक्षात ठेवण्याची ताकद कमी असते, पाहिलेलं मात्र त्यामानाने बरं लक्षात राहतं. त्यात पुष्कळांच्या कानात पडद्यामागे चिकट पाणी साठतं, म्हणून ऐकूही कमी येतं. बोललेला शब्द क्षणात विरून जातो, लिहिलेला शब्द समोर थांबतो. मूल त्याकडे हवा तितका वेळ पाहू शकतं. 'आजी झोपली, आजोबा झोपले' यातला शेवटचा बारीक फरक कानाला निसटतो, पण डोळ्यांना दिसतो.

जादू नव्हे

पण म्हणून अवास्तव आशा धरू नका. ब्रिटनमध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या ५७ मुलांची रीतसर पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. काही मुलांना रोज ४० मिनिटं, एकेकट्याला, वाचन आणि भाषा शिकवली. बाकीच्यांची पाळी वीस आठवड्यांनंतर आली. त्या वीस आठवड्यांत पहिली मुलं शब्दवाचनात, अक्षरांच्या उच्चारांत आणि शिकवलेल्या शब्दांत पुढे गेली. न शिकवलेले शब्द मात्र आपोआप आले नाहीत. वयाने लहान असलेल्या आणि जास्त दिवस हजर राहिलेल्या मुलांना फायदा अधिक झाला. आपल्यासाठी यातला बोध सरळ आहे: लवकर सुरुवात करा आणि खाडा करू नका.

घरी काय कराल?

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून घ्या. एकेका कार्डावर जाड, ठसठशीत अक्षरांत एकच शब्द लिहा. आई, बाबा, दूध, चेंडू असे मुलाला कळणारे शब्द निवडा. मग तीन पायऱ्यांनी जा.

पहिली पायरी, जुळवणं: 'दूध' कार्डावर दुसरं 'दूध' कार्ड ठेवायला सांगा.

दुसरी, ओळखणं: दोन कार्डं मांडून "दूध दे बरं" म्हणा.

तिसरी, सांगणं: "हे काय?" असं विचारा. मूल बोललं नाही, नुसती खूण केली, तरी ते उत्तर धरा.

पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात करा. चुकलं तर "नाही" न म्हणता त्याचा हात धरून बरोबर कार्डावर न्या. चार-सहा शब्द झाले, की 'आई आली', 'दूध पी' अशी जोडी करा. मात्र त्याआधी कान आणि डोळे तपासून घ्या. या मुलांत थायरॉइडची तक्रारही अधिक आढळते, तीही डॉक्टरांना विचारा.

आणि शाळा? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. तो मागायला संकोच कसला?

छकुलीचं काय झालं?

हे सारं वाचनात आलं तशी मी वहिनींकडे गेले आणि सरळ माफी मागितली. त्या काही बोलल्या नाहीत, आतून लग्नपत्रिकांचा गठ्ठा तेवढा घेऊन आल्या. पहिले पंधरा दिवस छकुलीने कार्डं फेकली, चावली. दोन महिन्यांनी एका दुपारी ती 'पाणी' हे कार्ड घेऊन स्वयंपाकघरात आली आणि आजीसमोर धरून म्हणाली, "पाई!" आजी डोळ्यांना पदर लावून पाणी द्यायचंच विसरल्या!

आज छकुली आठ वर्षांची आहे. साठ-सत्तर शब्द वाचते, त्यातले बरेचसे बोलते. हिशेब अजून जमत नाही, वेणी आईच घालते. पण यंदाच्या हळदीकुंकवाला वहिनी एकट्या आल्या नाहीत.

तुमच्या ओळखीत अशी एखादी आई असेल, तर बोलावणं करताना "मुलीलाही घेऊन या" असं आवर्जून सांगा. आणि तिने काही विचारलंच, तर माझ्यासारखं घाईने उत्तर देऊ नका.