‘लेसे फेअर’ : एका फ्रेंच पदबंधाचा अर्थप्रवास

प्रस्तावना :
इंग्रजीने फ्रेंच भाषेतून स्वीकारलेले अनेक पदबंध सामाजिक शास्त्रांच्या अध्यापनात नित्य येतात. ‘लेसे फेअर’ हा त्यांपैकी एक होय. मराठीत त्यास ‘निर्हस्तक्षेपाचे धोरण’ असा पर्याय रूढ आहे. हा पर्याय मूळ अर्थाची एकच बाजू दर्शवितो, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

व्युत्पत्ती व अर्थ :
‘लेसे’ हे ‘मुभा देणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदाचे आज्ञार्थी, आदरार्थी रूप असून ‘फेअर’ म्हणजे ‘करणे’. ‘करू द्या’ हे त्याचे शब्दशः मराठी रूप होय. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने ‘शासनाने आपल्यासाठी काय करावे?’ असे विचारले असता लजांद्र नावाच्या व्यापाऱ्याने ‘आम्हांला करू द्या’ असे उत्तर दिले, अशी आख्यायिका आहे. ती १७५१ मध्ये एका फ्रेंच नियतकालिकात छापली गेली. पुढे गुर्ने (१७१२–१७५९) या अधिकाऱ्यामुळे हे वचन प्रसिद्धीस आले. अ‍ॅडम स्मिथ यांच्या १७७६ च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथात मात्र हा पदबंध आढळत नाही. मुळात ही प्रजेने राज्यकर्त्यास केलेली विनंती होती. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजीत ती राज्यकर्त्याचे तत्त्व बनली.

महाराष्ट्राचा संदर्भ :
वक्ता बदलल्याने काय घडते, हे १८७६–७८ च्या दुष्काळात दिसले. नगर व सोलापूर हे आजच्या आष्टी-कडा परिसराजवळचे जिल्हे त्या दुष्काळात होरपळले. धान्याचे भाव उतरविण्यासाठी सरकारने बाजारात हस्तक्षेप करू नये, असे व्हाइसरॉय लिटन यांचे धोरण होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेने दुष्काळग्रस्तांची स्थिती सरकारपुढे मांडली. येथे प्रजा ‘करू द्या’ नव्हे, तर ‘काही करा’ असे म्हणत होती.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात या विचाराची चिकित्सा केली. अर्थशास्त्राचे सिद्धान्त सर्व देशांस व सर्व काळांस सारखेच लागू पडतात, हे गृहीतक त्यांनी नाकारले आणि औद्योगिक विकासात शासनाच्या साहाय्याची आवश्यकता प्रतिपादिली.

निष्कर्ष :
‘निर्हस्तक्षेप’ या शब्दात शासनाची भूमिका येते. मात्र मागणी करणाऱ्याचा आवाज लोप पावतो. म्हणून हा पदबंध शिकविताना ‘करू द्या’ हा मूळ अर्थ सांगून, ते कोण कोणास म्हणत आहे, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणे उचित ठरेल.