तोंड आलंय? दिवस मोजा

तोंड आलं की आपण तूप लावतो, बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतो आणि विसरून जातो. बहुतेक वेळा ते चालतंही. साधे फोड 7 ते 14 दिवसांत भरून येतात. पण एखादा फोड दोन आठवड्यांनंतरही त्याच जागी असेल, तर गोळ्या बदलत बसू नका, दंतवैद्याला दाखवा. टोकदार दात किंवा कवळी घासत असेल, तर ते आधी दुरुस्त करतील. तरीही जखम भरली नाही, तर जागा बधिर करून छोटासा तुकडा तपासायला पाठवतात. या बायोप्सीला उगाच घाबरू नका; खात्री तिनेच होते.

दुखत नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. पुसून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा सुरुवातीला बहुधा दुखत नाही. मशेरी, तंबाखू, गुटख्याची सवय असेल, तर गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा आरशात बघा. सुपारी खाणाऱ्यांनी (नुसती, बिनतंबाखूचीसुद्धा!) तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, ते पाहावं. जात नसतील आणि तिखट झोंबत असेल, तर गाल आतून ताठर होत असण्याची शक्यता आहे. सुपारी त्याच दिवशी सोडा आणि तपासून घ्या.